गावच्या धरणाचा काठ पाखरांसाठी राखताना : एप्रिल २०२३ ते जून २०२४ च्या नोंदी

जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बोरी नदीच्या खोऱ्यात आमचं गाव आहे. वरच्या अंगाला एक लघुपाटबंधारे तलाव आहे. गावात त्याला धरणच म्हणतात. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. फेब्रुवारी सरता सरता काठ नांगरला जातो, मार्चमध्ये मोटारी लागतात आणि एप्रिलात तळाला भेगा पडतात. दिवाळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पाखरांना हक्काची जागा मिळावी म्हणून गावातल्या काही जणांनी मिळून काम सुरू केलं. आसपासच्या गावांतून विचारणा होते, म्हणून खर्च आणि फसलेल्या गोष्टींसकट नोंदी ठेवल्या आहेत.

१६ एप्रिल २०२३ : काठाची पाहणी

आज गवंडीकामाची पाण्याची नळी घेऊन काठावर पातळ्या काढल्या. दोन टोकांना दोघं, मधे नळी, आणि पातळी जुळेल तिथे खुंटी. एका सकाळी पूर्वेचा आणि दक्षिणेचा काठ झाला. नकाशा, यंत्र काही लागलं नाही.

हे आधी करायचं कारण असं की पाणपक्षी पाण्याच्या खोलीप्रमाणे वाटून बसतात. चिखल्या आणि तुतवार बोटभर पाण्यात आणि ओल्या चिखलात चरतात. शेकाट्याला वीतभर पाणी पुरतं. थापट्या, चक्रांग, तलवार बदक डोकं खाली शेपटी वर करून खातात, त्यांना वीत-दीड वीत लागतं. बुडी मारणारी लालसरी आणि चांदवे खोल भागात जातात. म्हणजे धरणात पाणी किती आहे यापेक्षा उथळ पाण्याचा पट्टा किती रुंद आहे, हे महत्त्वाचं. आमच्याकडे पूर्वेचा काठ जवळजवळ सपाट निघाला. पाणी वीतभर उतरलं की पंधरा-वीस पावलं चिखल उघडा पडतो. पश्चिमेचा काठ खडा आहे, तिकडे काही करण्यात अर्थ नाही. पूर्वेचा आणि दक्षिणेचा काठ राखायचा, एवढं ठरलं.

३ मे २०२३ : गाळ

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ काढायला मशीन लागलं. गाळ शेतात जावा हे आम्हालाही हवंच आहे. कपाशीच्या हलक्या रानात दोन-तीन वर्षं फरक दिसतो. अडचण वेगळीच आहे. वाहतूक आधी शेतकऱ्याच्या खिशातून, त्यामुळे जो तो रस्त्याला लागून असलेल्या काठावरचाच गाळ मागतो. तिथे दहा-दहा फुटांचे उभ्या कडांचे खड्डे पडतात. पाणी आलं की चरायला उथळ जागा उरत नाही, आणि पोहायला उतरलेली पोरं त्यात बुडतात ते वेगळंच.

दोन दिवस काम थांबलं. आमची मागणी एकच होती, गाळ मधल्या भागातून काढा, भिंतीपासून लांब राहून. त्यावर उत्तर आलं, "एवढा लांबचा फेरा, डिझेल कोण देईल?" रास्त प्रश्न होता. चिखलात ट्रॉली रुतते ही खरी भीती होती. म्हणून वर्गणीतून मधल्या भागापर्यंत मुरमाचा रस्ता टाकून दिला. खर्च ९,००० रुपये. रस्ता झाल्यावर कोणी काठाकडे मशीन नेलं नाही. फलक लावून हे झालं नसतं.

निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर या वादात फार उपयोगी पडलं. तेही सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्याचंच पाणी. गाळ साचून तिथे उथळ पाणथळ आणि बेटं तयार झाली, पाखरं आली, १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. गाळ सगळाच वाईट नसतो, कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा ते ठरवावं लागतं. ज्येष्ठ मंडळींना हे पटलं.

२१ मे २०२३ : दोन उंचवटे

पूर्वेच्या उथळ भागात मातीचे दोन उंचवटे केले. पाऊस पडला की त्यांची बेटं होतील. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचं मोठं नुकसान कुत्री, मुंगूस आणि कोल्ही करतात. चहूबाजूंनी पाणी असलं की बराच बचाव होतो.

लहान उंचवटा उघडा ठेवला, वर बारीक मुरूम आणि गोटे पसरले. टिटवी, शेकाट्या, आर्ली, चिखल्या यांना झाडं नकोत, लांबवर दिसेल अशी उघडी जागा हवी. मोठ्या उंचवट्यावर देशी बाभूळ लावायची. बाभळीची मुळं पाण्यात राहिली तरी झाड तगतं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अशाच उंचवट्यांवरच्या बाभळींवर करकोचे आणि बगळे घरटी करतात. बियाणं बकऱ्यांच्या वाड्यातून आणलं. बकरीच्या पोटातून गेलेली बी लवकर उगवते, विकत घेण्याची गरज नाही.

जेसीबी १८,००० रुपये. मुरमाच्या ट्रॉल्या ८,४०० रुपये.

३ सप्टेंबर २०२३

ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नाही. धरणात निम्माही साठा नाही, दोन्ही उंचवटे कोरड्या जमिनीवर उभे. बाभळीची रोपं बकऱ्यांनी खाल्ली. वेड्या बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून पुन्हा बी टाकलं.

२४ सप्टेंबर २०२३ : लाटांनी बेट खाल्लं

पाऊस झाला, पाणी वाढलं, उंचवट्यांभोवती पाणी आलं. आणि आठवड्याभरात लहान बेटाची पश्चिमेची बाजू ढासळली. वारा पश्चिमेकडून, लाटाही तिकडूनच. काळ्या गाळाला उन्हाळ्यात भेगा पडल्या होत्या, त्यांत पाणी शिरलं आणि मातीचे ढेप सुटले.

आधी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून कडेला रचल्या. हे करू नका. गोणीचा प्लास्टिकचा धागा उन्हात कुजतो, तुकडे पाण्यात तरंगतात आणि पाखरांच्या पायात अडकतात. सगळ्या गोण्या वेचून काढल्या. मग बांधावरचे दगड ट्रॅक्टरने आणून वाऱ्याच्या बाजूला उतरते रचले, उभी भिंत केली नाही. ६,००० रुपये. ज्यांना बेट करायचं त्यांनी माती टाकतानाच पश्चिमेची बाजू दगडाची करावी आणि उतार लांब ठेवावा, म्हणजे पिल्लांनाही चढता-उतरता येतं.

२ ऑक्टोबर २०२३ : ग्रामसभा

आजची नोंद लांबणार. इतर गावांना यातलंच जास्त लागेल.

'अभयारण्य' हा शब्द उच्चारताच सभा बिथरली. एका आजोबांनी उभं राहून विचारलं, "भाऊ, आमन्या म्हशी कथा जातीन?" (आमच्या म्हशी कुठे जातील?) यावल आणि अनेर धरण, दोन्ही अभयारण्यं आमच्या टापूत सगळ्यांना माहीत आहेत. अभयारण्य म्हणजे चराई बंद, मासेमारी बंद, गाळपेर (पाणी उतरलेल्या जमिनीतली पेरणी) बंद, असंच लोक धरून चालतात.

कायद्याचे कागद आधी वाचून ठेवले होते. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय येत नाहीत. म्हणजे गावोगावच्या बहुतेक धरणांना तो आधार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन प्रकार आले. कलम ३६ क चं समुदाय राखीव क्षेत्र खासगी किंवा समाजाच्या जमिनीवर, मालक आपणहून तयार असतील तिथे होतं. आमची जमीन सरकारी. कलम ३६ अ चं संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर होतं, स्थानिकांशी विचारविनिमय करून, पण ती शासनाची लांबची प्रक्रिया. तिसरा मार्ग २००२ च्या जैविक विविधता कायद्याचा. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्याकडे समिती कागदावर होती, तिची बैठक झालेली नव्हती. ती जागी करायची आणि ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, असं ठरलं. पाखरं मारणं, अंडी उचलणं हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहेच, त्यासाठी वेगळी घोषणा लागत नाही.

म्हशींच्या प्रश्नावर भरतपूरचा अनुभव सांगितला. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथली चराई बंद केली. पुढे गवताने पाण्याचा पृष्ठभागच झाकून टाकला, बदकांना मोकळं पाणी उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तिथे अनेक वर्षं अभ्यास केला आणि म्हशींची चराई त्या पाणथळीला उपयोगी होती असं दाखवून दिलं. आमच्या काठावरही तेच दिसतं: म्हशी बसतात तिथे गवत आखूड राहतं, चिखल उघडा राहतो आणि चिखल्या तिथेच जमतात. त्यामुळे ठरावात 'चराई बंद' हे शब्द नाहीत. मार्च ते जूनमध्ये लहान बेटाकडे गुरं न्यायची नाहीत, एवढंच आहे.

सरपंचताईंनी मजकूर वाचला आणि ठराव झाला. ठरावात 'अभयारण्य' नाही, 'पक्ष्यांसाठी राखलेला काठ' आहे. माझ्या मते हाच शब्द बरा.

१२ नोव्हेंबर २०२३ : पक्षी सप्ताह

५ नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. या आठवड्यात राज्यात पक्षी सप्ताह असतो. यंदा १२ तारखेला लक्ष्मीपूजन आलं, म्हणून शाळेची मुलं आधीच नेली. हळदी-कुंकू बदकं, थापट्या, चक्रांग, शेकाट्या आणि पूर्वेच्या चिखलात तुतवारांची रांग. उथळ पट्टा राखल्याचा उपयोग पहिल्याच हिवाळ्यात दिसला. फटाके धरणाच्या बाजूला वाजवू नका असं मुलांनी घरोघर सांगितलं. बऱ्याच घरांनी ऐकलं.

३ डिसेंबर २०२३ : जाळी

२६-२७ नोव्हेंबरच्या अवकाळीनंतर उत्तरेच्या खाडीत पाहणीला गेलो. बारीक नायलॉनच्या उभ्या जाळ्यात दोन लालसरी मेलेल्या होत्या आणि एक टिबुकली जिवंत. मुठीत मावेल एवढं पाखरू. टिबुकलीच्या पायाच्या बोटांना पातळ पाकळ्यांसारखे पडदे असतात, प्रत्येक बोटाला वेगळे. धागा नेमका त्या पाकळ्यांच्या मुळाशी आवळलेला. ओढलं तर पडदा फाटतो. मच्छीमार सोसायटीच्या आप्पांनीच ते हातात धरलं, डोक्यावर रुमाल टाकून अंधार केला, तेव्हा ते शांत झालं. लहान कात्रीने एक-एक धागा कापला. पाण्यावर ठेवताच बुडी मारली आणि बऱ्याच लांब वर आलं.

बुडी मारणाऱ्या पाखरांना पाण्याखाली ही जाळी दिसत नाही. पण जाळं हे भोई कुटुंबांचं पोट आहे, त्यांना नुसतं 'बंद करा' कोणत्या तोंडाने सांगणार? संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर बसून बोलणं झालं. त्यांनी एकच मुद्दा मांडला. धरणाचा मृतसाठा, म्हणजे पाटात न सोडता येणारं तळाचं पाणी, दर उन्हाळ्यात मोटारींनी उपसला जातो, तळ पडतो, वाढीला लागलेले कटला-रोहू मातीमोल दरात काढावे लागतात नाहीतर मरतात. "पानी ऱ्हायनं ते मासा ऱ्हाई, मासा ऱ्हायना ते पाखरू ऱ्हाई."

पूर्ण कामात सगळ्यात मोलाचं काही कळलं असेल तर ते हेच. मे महिन्यात धरणात पाणी हवं असणारे गावात आम्ही एकटे नव्हतो. पाखरांसाठी मागितलं असतं तर मृतसाठा कोणी सोडला नसता. मासेमार, म्हशीवाले आणि खालच्या विहिरींचे मालक मिळून मागू लागल्यावर सोडावा लागला. सोसायटीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेची खाडी जाळ्यांतून मोकळी ठेवायची, आणि जैवविविधता समितीने मृतसाठ्यावर मोटार लागू द्यायची नाही, असं लेखी झालं.

२१ जानेवारी २०२४ : गणना

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून चालते. यंदा आमच्या धरणाचीही नोंद पाठवली. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून, काठाचे भाग पाडून, एकाने मोजायचं आणि एकाने लिहायचं. मोठा थवा असेल तर दहा-दहाचे गट मोजायचे. ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदक' लिहायचं, अंदाजाने नाव टाकायचं नाही.

चक्रवाक जोडीजोडीने होते. पट्टकादंब पहिल्यांदाच आले, दिवसा पाण्यावर आणि रात्री शेतात. हे हंस हिमालय ओलांडून येतात, पण गव्हात उतरले की शेतकऱ्याला त्याचं कौतुक राहत नाही. दोघांनी तक्रार केली. रात्री टॉर्च घेऊन चक्कर मारायची, फटाका वाजवायचा नाही, असं पोरांनी वाटून घेतलं.

हंसांची बातमी पसरली आणि मोठे कॅमेरे आले. एक गाडी थेट चिखलात घातली, एकाने थवा उडवायला दगड मारला, ड्रोनही उडाला. लांबचा प्रवास करून आलेल्या पाखराला दिवसात चार-चार वेळा उठवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं. सांडव्यापाशी दोरी बांधली, तिथून पुढे पायीच. फलक आणि रंग ३,५०० रुपये.

२५ फेब्रुवारी २०२४ : बेशरम आणि गाळपेर

दक्षिणेच्या काठावर बेशरमाचं रान माजलं होतं. आधी कापून काठावरच ढीग घातला. बेशरमाची कांडी ओल्या मातीला लागली की मुळं धरते. तीन आठवड्यांत ढीगच हिरवा झाला. मग मुळासकट उपटून, पाणी पोचणार नाही अशा उंच जागी पसरून वाळवलं. मजुरी दोन्ही वेळची मिळून १४,००० रुपये, त्यातली निम्मी वाया गेली. एका कोपऱ्यातलं पाणकणीस मात्र ठेवलं, जांभळी पाणकोंबडी तिथेच राहते.

पाणी उतरलेल्या जमिनीत गाळपेर करणाऱ्यांशी बोललो. टरबूज आणि काकडीची फवारणी थेट पाण्यात उतरते. पाण्याच्या कडेने दहा फुटांचा पट्टा न पेरता सोडायचा, अशी विनंती केली. चौघांपैकी तिघांनी सोडला. चौथ्याचं रान अरुंद आहे, पट्टा सोडला तर त्याच्याकडे काय राहतं? त्याच्यावर जोर केला नाही.

१९ एप्रिल २०२४ : बेट जमिनीला लागलं

रब्बीची आवर्तनं संपली, पाणी उतरलं आणि लहान बेटाच्या पूर्वेला जमीन उघडी पडली. बेटावर शेकाट्यांची घरटी होती. ठशांवरून कळलं की रात्री कुत्री चालत गेली, अंडी गेली.

उपाय म्हणजे बेटाभोवती चर. सहा फूट रुंद, तीन फूट खोल, तळ मृतसाठ्याच्या पातळीखाली, म्हणजे पाणी आपोआप झिरपून येतं. यासाठी मशीन बुडित क्षेत्रात न्यायची परवानगी हवी. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, पत्र हातात यायला तीन आठवडे गेले. हे काम फेब्रुवारीतच करून ठेवावं. जेसीबी ७,२०० रुपये. निघालेली माती बेटाच्या बाजूला टाकली. बाहेर टाकली तर कुत्र्यांना पूल होतो.

१० मे २०२४ : आखाजी

माहेरवाशिणी आल्या आहेत, गावात झोके बांधले आहेत. धरणात अजून पाणी आहे. मृतसाठ्यावर रात्री दोन मोटारी लागल्या होत्या, सोसायटीच्या पोरांनीच त्या उचलून पंचायतीत आणून ठेवल्या. एका शेतकऱ्याच्या केळीला शेवटचं पाणी खरंच हवं होतं; त्याला शेजारच्या विहिरीवरून दिलं.

शेकाट्यांनी पुन्हा अंडी घातली. दुपारी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. ऊन असं की मुरमावर पाय ठरत नाही. मादी उठते, लांब लाल पायांनी चरात उतरते, गुडघे मोडून पोटाची पिसं पाण्यात भिजवते, आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर बसते. थोड्या वेळाने नर येतो, तोही तसाच भिजून. पाण्याने अंडी गार राहतात. घरट्यापासून पाणी दहा पावलांवर असलं तरच हे जमतं. चर कुत्र्यांसाठी खणला होता, त्याचा हाही उपयोग झाला.

९ जून २०२४ : हिशोब

मुरमाचा रस्ता ९,०००, उंचवट्यांचा जेसीबी १८,०००, मुरूम ८,४००, दगड ६,०००, फलक ३,५००, बेशरम १४,०००, चर ७,२००. एकूण ६६,१०० रुपये. सगळी वर्गणी, त्यात मोठा वाटा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. गोण्या, बेशरमाची पहिली कापणी आणि बकऱ्यांनी खाल्लेली रोपं टळली असती तर दहा हजारांच्या आसपास वाचले असते.

शेकाट्यांची पिल्लं निघाली, टिटव्यांचीही. आर्ली फिरकली नाही. मुरूम फार जाड पडला असावा, या वेळी बारीक वाळू पसरतो आहोत. मोठ्या बेटावरच्या बाभळी कमरेएवढ्या झाल्या, घरटी व्हायला अजून काही वर्षं जातील.

राहिलेली कामं: चराची गाळ-सफाई फेब्रुवारीत, मोठ्या बेटाला पश्चिमेकडून दगड, चौथ्या गाळपेरवाल्याला वरच्या अंगाला बदली जमीन मिळते का ते पाहणं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मृतसाठ्याचा लेखी करार पुढच्या वर्षासाठी पुन्हा मांडायचा आहे. त्याची एक प्रत ज्या गावाला हवी त्याला पंचायतीतून मिळेल.